सुपडाबाई विचारून आत यायची

किल्ल्यांचा जुडगा तिच्याच कमरेला असायचा. कुलूप तीच लावायची आणि तीच काढायची. तरीही आमच्या दालनाचं दार उघडण्याआधी सुपडाबाई कडी दोनदा वाजवायची आणि बाहेरूनच विचारायची, "यिऊ का मझार, माय?" आत आम्ही चौदा बायका. कोणी भिंतीशी भांडते आहे, कोणी पदराचं सूत उसवते आहे, कोणी नुसतीच आढ्याकडे बघते आहे. उत्तर देणार कोण? सुपडाबाई मात्र उत्तराला लागेल तेवढा वेळ बाहेर थांबायची आणि मगच कुलूप काढायची. बाकीची मंडळी, मग ते डॉक्टर असोत की झाडूवाली, धाडकन आत यायची. वेड्या बायकांची परवानगी कसली मागायची, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

तळोद्यापासून कोसभर, सातपुड्याच्या पायथ्याला ते इस्पितळ होतं. एका मारवाडी शेठजींची लेक डोक्यानं बिघडली, तिला ठेवायला जवळपास जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते बांधलं. दारावरच्या पाटीवर 'स्त्री आरोग्यधाम' असं झोकदार अक्षरांत लिहिलेलं होतं. गावचे लोक त्याला 'येड्यासना बंगला' म्हणत. डोंगरातून मोहाची फुलं आणि चारोळी घेऊन बाजाराला उतरणारी माणसं आमच्या कुंपणापाशी आली की पोरांना पलीकडच्या कडेला घेत. मी तिथं अकरा महिने होते. तेव्हा मला एकोणिसावं लागलं होतं. आता नातवंडांना चष्मे लागलेत, तेव्हा लपवून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी तिथं का गेले ते थोडक्यात सांगते, कारण ही गोष्ट माझी नाही. माझं पहिलं मूल बाविसाव्या दिवशी गेलं. त्यानंतर मी बोलायची थांबले. ठरवून नाही, शब्द यायचेच बंद झाले. जेवायचं भान राहिना. घरच्यांनी आधी भगत आणला, त्यानं मिरच्यांची धुरी दिली. धुरीनं घरातले सगळे खोकले, मी तेवढी गप्प. मग सासऱ्यांनी बैलगाडी जुंपली. शहाद्याहून निघालेली गाडी बंगल्याच्या दारात थांबली तेव्हा ते मला म्हणाले, "बरी व्हयनी का लेवाले यिसूत." चांगला माणूस होता. पण त्यांना परत जायची फार घाई होती, हेही मी पाहिलं.

सुपडाबाई तिथली दाई. चाळिशीच्या पुढची, काळीसावळी, रुंद हाडाची, पांढऱ्या लुगड्याचा काचा घट्ट मारलेली. तिच्याआधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली आणि परत उचलून आणली. आमच्याकडे अशा पोरांचं नाव सुपडू नाहीतर सुपडी पडतं. "उकिरडानी माले धाडी दिधं," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. तंबाखू चोळायची, खोटं बेलाशक बोलायची, आणि कोठीतला गूळ चोरायची. चोरलेला गूळ आम्हांलाच वाटायची, हे खरं, पण आधी स्वतः चाखायची.

मला बोलतं करायचा प्रयत्न सगळ्यांनी केला. डॉक्टर माझ्या तोंडासमोर टाळ्या वाजवत. झाडूवाली 'बोल गं बाई' करून थकली. सुपडाबाईनं माझ्याकडून बोलण्याची अपेक्षाच ठेवली नाही. रोज सकाळी ती माझे केस विंचरायला बसायची आणि आपल्या भावजयीची गाऱ्हाणी सांगायची. ती विधवा, भावाच्या आश्रयाला राहणारी, त्यामुळे गाऱ्हाण्यांना तोटा नव्हता. भावजयीनं दूध उतू घालवलं आणि आळ हिच्यावर घेतला. भावजयीनं म्हशीला हिच्या नावानं हाक मारली. हे सगळं मोठ्या रंगात यायचं, आणि ऐन भांडण पेटलं की ती फणी बाजूला ठेवून उठायची. "चाल माय, माले कामे शेत." दुसऱ्या दिवशी नवं भांडण. जुनं तिथंच लोंबकळत राहायचं.

असे दोन महिने गेले. एके दिवशी ती सांगत होती, "भाऊ घर उना. तिनी लगेच तोंड फुगाडी लिधं. मी म्हनं, थांब, आज तुन्हं समदं उघडं पाडस. मी उठनी, कोठीनं दार उघाडं..." आणि फणी ठेवून ती निघाली.

"मंग?"

हा आवाज कोणाचा म्हणून मीच दचकले. सुपडाबाई दारात थबकली. वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे नाही विस्फारले, हात नाही जोडले. अगदी सहज म्हणाली, "मंग काय? सकाय सांगसू." आणि खरंच दुसऱ्या दिवसापर्यंत सांगितलं नाही, इतकी लबाड. पण कुलूप लावल्यावर व्हरांड्यात तिनं झाडूवालीच्या पाठीत धपाटा घातलेला मी ऐकला. "बोलनी! मन्ही गोदू बोलनी वं!" माझं नाव गोदावरी. त्या बंगल्यात मला गोदू म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

उन्हाळ्यात आमच्या डोक्यांत उवा झाल्या. डॉक्टरांनी सोपा उपाय काढला, सगळ्यांचे केस उतरवा. न्हावी बोलावलासुद्धा. सुपडाबाई न्हाव्याच्या धोपटीवर जाऊन बसली. "डाक्टर, ह्या बायासना धनी जित्ता शेत. कोन मरनं म्हनीसन मुंडन करतस?" डॉक्टर रागावले, आरोग्याचं काहीबाही बोलले. तिनं आठ दिवस मागून घेतले. मग रोज दुपारी निंबाच्या सावलीत चौदा डोकी, करंजाचं तेल आणि एक फणी. एकेक ऊ काढून नखावर चिरडताना ती भावजयीचं नाव घ्यायची. ज्या बाईला आम्ही कधी हसताना पाहिलं नव्हतं ती धडगावकडची पावरा जमातीची बाईसुद्धा, भाषा धड कळत नसताना, खुदकन हसली. आठव्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः डोकी तपासली आणि न्हाव्याचं पुन्हा नाव काढलं नाही.

तिनं मला एकदा मारलंही आहे. दुपारची वेळ होती, मी विहिरीच्या कठड्यावर बसले होते. लोकांना सांगायला झालं तर वाऱ्याला बसले होते. पण मी तिथं वाऱ्यासाठी गेले नव्हते. सुपडाबाईनं मला दंडाला धरून खाली ओढलं आणि अशी थोबाडीत दिली की कान वाजला. मग तीच मटकन खाली बसली आणि आपला हात चोळत म्हणाली, "कितला लागना वं माले." मला राग यायला हवा होता. मला इतकं बरं वाटलं, की आजही ते सांगताना मी संकोचते. मी मेले तर कोणाचा तरी हात दुखेल, हे त्या दिवशी मला कळलं. ही गोष्ट तिनं डॉक्टरांच्या कानावर घातली नाही. घातली असती तर माझी रवानगी ठरलेलीच होती.

रवानगीचं सांगायचं राहिलं. दर तीन महिन्यांनी जिल्ह्याहून एक गोरा डॉक्टर साहेब आमची तपासणी करायला यायचा. एकेकीला खोलीत बोलवायचं, पाच प्रश्न विचारायचे. तुझं नाव, तुझं गाव, नवऱ्याचं नाव, आज वार कोणता, घरी जायचं आहे का. उत्तरं नीट आली तर घरच्यांना पत्र. तीन वेळा नाही आली तर रेल्वेत बसवून लांबच्या मोठ्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात. तिथं गेलेली बाई परत आल्याचं आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं. पहिल्या तपासणीत मी मुकी होते. दुसऱ्या वेळी मी बोलत होते, नाव, गाव, वार सगळं सांगितलं, आणि तरीही नापास झाले. आता एकच संधी उरली होती.

सुपडाबाईला काही केल्या ते उमगेना. तपासणीच्या वेळी दायांना खोलीबाहेर उभं करत, त्यामुळे आत काय चालतं ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला निंबाखाली बसवलं आणि साहेबानं काय काय विचारलं ते एकेक करून वदवून घेतलं. मी तिसऱ्या प्रश्नाशी आले.

"आन तू काय सांगं?"

"काय सांगनार? धनीनं नाव तोंडवर कसं लेवानं?"

सुपडाबाईचा जबडा हलायचा थांबला. तोंडातली तंबाखू तिनं थुंकली. "आन बाकीन्या?"

बाकीच्यांनी तरी काय वेगळं केलं असणार? ज्या बायकांना वार-तारीख कळत नव्हती त्यांनासुद्धा नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे पक्कं माहीत होतं. तो प्रश्न आला की एकजात साऱ्या पदर पुढे ओढून खाली बघत. साहेब लिहून घ्यायचा, पतीचे नाव आठवत नाही. त्याच्याबरोबर प्रश्न मराठीत सांगणारा एक कारकून असायचा. त्याच्या घरीही बायको असेलच, आणि तीही त्याला 'अहो' म्हणत असेल. पण त्याचं काम उत्तरांचं भाषांतर करण्याचं होतं, गप्प बसण्याचा अर्थ सांगण्याचं नव्हे.

"मंग उखाना ले," सुपडाबाई म्हणाली. लगेच स्वतःच डोक्यावर हात मारला. "नको वं माय. साहेबसमोर उखाना लिधा ते तो तुले आख्खी येडी समजी."

माझी अडचण मात्र नुसत्या रीतीची नव्हती. बाळंतपणात कळा असह्य झाल्या तेव्हा मी एकदा त्यांचं नाव घेऊन ओरडले होते. सगळ्या बायकांनी ऐकलं होतं. बाविसाव्या दिवशी बाळ गेलं तेव्हा कोणी मला बोललं नाही, पण मला कोणी सांगण्याची गरजच नव्हती. माझ्या तोंडून नाव निघालं आणि घरातलं एक माणूस गेलं. आता पुन्हा घेतलं तर पुढची पाळी कोणाची, हे मी मनात पक्कं धरलेलं होतं. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सुपडाबाईला सांगितलं.

 ती बोलली तेव्हा नेहमीचा तोरा आवाजात नव्हता. "मन्हा धनी पटकीमा गया. चौदा वरीस संसार करा मी. एक डाव बी नाव लिधं नही. झोपमा बी नही. तरी गया ना तो? मी इतलं जपं, वाचना का तो?"

मी मान हलवली.

"गयावर बी कधी लिधं नही." तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. इकडेतिकडे पाहिलं. आणि एखादी मुलगी पहिल्यांदा पाण्यात पाय घालते तसं बिचकत बिचकत म्हणाली, "धोंडू."

आम्ही दोघी काही घडतं का ते बघत बसलो. रस्त्यावरून एक गाडी गेली. निंबावर कावळा ओरडला. व्हरांड्यात झाडूवाली खरडत होती.

"काय व्हयनं?" सुपडाबाईनं विचारलं.

"काही नही."

"धोंडू हिलाल," ती आता जरा मोठ्यानं म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. सव्वीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं नाव तिनं माझ्यासाठी खर्च केलं. माझ्या आईनं मला जन्म दिला, ते ऋण आहेच. पण त्या दुपारच्या ऋणाला मला अजून नाव सापडलेलं नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "आते तू." आणि मी म्हटलं. हळू, तिच्या कानात, पण म्हटलं.

तपासणीपर्यंतचे नऊ दिवस मी ते नाव घोकत होते. पाणी भरताना, धान्य निवडताना, सारखी आपली पुटपुटते आहे. झाडूवालीला वाटलं, ही आता पुरतीच गेली. सुपडाबाईनं डॉक्टरांच्या हातापाया पडून त्या दिवशी खोलीत दाराशी उभं राहण्याची परवानगी मिळवली. ही पोरगी घाबरट आहे, मी नसले तर फीट येते, असं बिनदिक्कत ठोकून दिलं. मला जन्मात फीट आलेली नाही.

त्या वेळी नेमका साहेब नवा आला होता. मी समोर उभी राहिले.  साहेब काहीतरी बोलला, कारकुनानं मराठीत सांगितलं, "साहेब विचारतात, सकाळी काय खाल्लंस?"

मी मान वर केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आत्माराम गोविंदा पाटील!"

कारकुनाची लेखणी थांबली. साहेबानं भाषांतराची वाट पाहिली, ते आल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की माझी रेल्वे मला डोळ्यांपुढे दिसली. आणि दारातून सुपडाबाईचं हसू फुटलं. दाबायला गेली तसं जास्तच फुटलं. मी तिच्याकडे पाहिलं, माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते, आणि मलाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले. बाळ गेल्यानंतर पहिल्यांदा.

आमचे डॉक्टर बाजूला उभे होते, ते ओरडले. सुपडाबाई पुढे झाली, हात जोडले, आणि सगळं सांगून टाकलं, अहिराणीत, हातवारे करत. आमच्यात धन्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. ह्या पोरीला वाटलं तुम्ही दर वेळचंच विचारणार. नऊ दिवस घोकत होती बिचारी. "साहेब, ज्या बाईले हाई रीत याद शे, ती येडी कशी व्हई?" कारकुनाला आता भाषांतर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साहेब थोडा वेळ बसून राहिला. मग त्यानं जुनी वही मागवली आणि पानं मागे मागे उलटत गेला. पान उलटेल तसा त्याचा चेहरा उतरत गेला, हे मी पाहिलं. गोरे लोक शरमतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी तपासणी पुन्हा पहिल्यापासून झाली. सुपडाबाईनं तोड काढली. दोघी-दोघींना आत न्यायचं, एकमेकींच्या कानात उखाणा घ्यायचा, आणि हिच्या धन्याचं नाव तिनं सांगायचं, तिच्या धन्याचं हिनं. त्याला आमच्यात बंदी नाही. पाच जणींच्या घरी पत्रं गेली. तिघींची माणसं आली. दोघींनी नाव बरोबर सांगितलं होतं, पण त्या नावाचा माणूस न्यायला आला नाही. हेही लिहिलं पाहिजे.

माझे सासरे आले. सुपडाबाईनं माझी वेणी घातली, कुंकू लावलं, आणि गाडी निघाली तेव्हा ती फाटकात नव्हती. तिला आत कुणाला तरी न्हाऊ घालायचं होतं. कामाच्या वेळी काम सोडून निरोप द्यायला यायची तिची रीत नव्हती.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. तीन-चार वर्षांनी, सारंगखेड्याच्या जत्रेत. धाकटी लेक कडेवर होती. बरोबर सासूबाई होत्या, आणि नणंदेच्या होणाऱ्या सासरच्या बायका होत्या. सोयरीक अजून पक्की व्हायची होती, त्यासाठीच सगळ्यांनी एकत्र जत्रेला यायचं ठरलं होतं. ते अकरा महिने मी मामाकडे होते, असंच गावात सांगितलेलं. त्या लोकांनाही तेच माहीत. सुनेला येड्यांच्या बंगल्यात ठेवलं होतं हे बाहेर पडलं असतं तर नणंदेची सोयरीक मोडली असती, आणि माझं घरातलं काय झालं असतं ते मी सांगत नाही.

बांगड्यांच्या दुकानाशी आम्ही बसलो होतो आणि समोरच्या गर्दीतून सुपडाबाई आली. तेच पांढरं लुगडं, तोच काचा, केस मात्र पिकलेले. तिनं मला पाहिलं. चेहरा असा उजळला तिचा! दोन्ही हात पुढे करून ती झपाझप चालत आली. तोंड उघडलं. आणि तेवढ्यात तिची नजर माझ्या बाजूच्या बायकांवर गेली, त्यांच्या पाटल्यांवर, सासूबाईंच्या चेहऱ्यावर. हात खाली आले.

"बहीन," ती म्हणाली, अनोळखी बाईशी बोलतात तशी, "पानी कोठे भेटी वं?"

 मी नदीच्या बाजूला, पाण्याच्या मांडवाकडे बोट दाखवलं. ती तरी उभीच होती.

"पोर कोनी शे?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"मन्ही सूननी."

सुपडाबाईनं माझ्या लेकीच्या गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "चांगली सून भेटनी तुले, माय," ती सासूबाईंना म्हणाली. माझ्याकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही.

ती गेल्यावर होणाऱ्या विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "कोन व्हती वं ती? वळखनी का?"

"नही," मी म्हटलं. "पानीनी तीस लागेल व्हई बिचारीले."

मग मी मान वळवून पाहिलं. पाण्याचा मांडव नदीकडे होता. सुपडाबाई उलट्या बाजूनं, घोड्यांच्या बाजाराच्या धुळीत, भराभर चालली होती.